उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजूनही सोसायट्यांच्या आवारात कव्हर पांघरून उभ्या दिसतात. एखाद्या रविवारी कव्हर निघतं, काच पुसली जाते, किल्ली फिरते आणि सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प बसतो. मालक बुचकळ्यात पडतो. दिवे बंद होते, दारं नीट लागली होती. या गाडीत ना कॉम्प्युटर, ना अलार्म. मग वीज गेली कुठे?

कुठेही गेली नाही. बॅटरीने स्वतःच ती संपवली. दोन्ही वायरी काढून ती फळीवर ठेवली असती तरी संपवलीच असती. आता कुणी म्हणेल, यात काय विशेष! विशेष हे, की ती इतके आठवडे टिकली.

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९मध्ये ही बॅटरी बनवली, आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये पाणी घातलेलं सल्फ्युरिक ॲसिड. वीज देताना दोन्ही प्लेटांवर एकच पदार्थ तयार होतो, लेड सल्फेट. चार्ज करताना तो पुन्हा मोडतो. अशा एका सेलचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, आणि असे ६ सेल ओळीने जोडले की झाली आपली १२ व्होल्टची बॅटरी. इथे एक आकडा अडवतो. पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे तुकडे करायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. म्हणजे चार्ज झालेल्या प्रत्येक सेलने आपल्याच पोटातलं पाणी फोडत बसायला हवं, आणि तसं करताकरता रिकामं व्हायला हवं. ते होत नाही, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजनचे बुडबुडे तयार व्हायला विलक्षण आळस करतात. आपल्या सगळ्या गाड्या या आळसावर चालतात. बॅटरी म्हणजे विजेची टाकी असं आपण समजतो. खरं तर ती एक अडवून धरलेली रासायनिक क्रिया आहे, आणि अडवणूक कधीच पूर्ण नसते.

तिला फितूरही भेटतात. शिसं मऊ, म्हणून पूर्वीपासून प्लेटांच्या जाळीत अँटिमनी मिसळत आले. तो हळूहळू विरघळून ऋण प्लेटवर जाऊन बसतो आणि तिथे हायड्रोजनची वाट सोपी करून देतो. म्हणून जुन्या धाटणीची, पाणी टाकायची बॅटरी कॅल्शियमवाल्या नव्या बॅटरीपेक्षा लवकर उतरते. त्यात आपला उन्हाळा: तापमान १० अंशांनी वाढलं की हा स्वतःला खाण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

आणि शिशातच हा जोर कुठून आला? २०११मध्ये राजीव अहुजा, पेक्का प्यूक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये त्याचा हिशेब मांडला. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. तिथे न्यूटनचं गणित चालत नाही, आइन्स्टाइनचं लागतं. त्या परिणामाने बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची मांडणीही बदलते. सेलच्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट या सापेक्षतेमुळे मिळतात, असं निघालं. म्हणजे बॉनेटखालच्या १२ व्होल्टपैकी १० तरी आइन्स्टाइनचे! शिशाच्याच कुटुंबातल्या, पण हलक्या असलेल्या कथिलाची अशी बॅटरी का होत नाही, याचंही उत्तर त्यातच आहे.

बॅटरी उतरणं हे तसं मोठं दुखणं नाही, पुन्हा चार्ज करता येते. घात होतो तो उतरलेल्या अवस्थेत पडून राहण्याने. ताजं सल्फेट पिठीसाखरेसारखं बारीक असतं आणि सहज मोडतं. पण बारीक स्फटिक विरघळत राहतात आणि मोठे त्यांच्यावर पोसले जातात. काही आठवड्यांत त्याची खडीसाखर होते. ती चार्जरला दाद देत नाही.

यावर घरोघरी चालणारा उपाय म्हणजे दर रविवारी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवणं. माझ्या मते ही निव्वळ पेट्रोलची नासाडी आहे. सेल्फ मारायला फारशी वीज लागतच नाही: १५० अँपिअर, ३ सेकंद, म्हणजे एका अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा. आठवडाभरात आपसूक गळालेली वीज याहून बरीच जास्त असू शकते. आणि जुन्या गाडीत डायनॅमो असेल, तर तो मंद चालीला जवळजवळ काहीच देत नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेच तर सांगत असतो. शिवाय बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. वर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं ते वेगळंच.

त्यापेक्षा आवारात प्लग असेल तर भरल्यावर आपोआप साडेतेरा व्होल्टच्या आसपास थांबणारा छोटा चार्जर लावून ठेवावा. साधा, न थांबणारा चार्जर महिनाभर लावला तर तो ॲसिडमधलं पाणी उडवून प्लेटा उघड्या पाडतो. प्लग नसेल तर वायर काढून बॅटरी घरी न्यावी. काही तास विसावलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ किंवा जास्त दाखवत असेल तर ती भरलेली, १२.४ आला की चार्जिंगला लावावी; १२वर पोचू देऊ नये. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर टाकावं, कारण चार्ज होताना पातळी वर चढते. आधी काठोकाठ भरलं तर ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या असतील तेवढ्याच आधी बुडवून घ्याव्यात. चार्जिंगला खोलीची खिडकी उघडी हवी, हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगी पुरते. चिमटे काढण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करायचं, तेही याचसाठी.

वायर काढताना ‘आधी मायनस’ असं सगळे सांगतात. खरा नियम असा, की बॉडीला जोडलेली वायर आधी काढायची, म्हणजे दुसरी सोडवताना पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. पद्मिनीत दोन्हींचा अर्थ एकच. पण १९६०च्या दशकापर्यंतच्या कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो, तेव्हा जुन्या मॉरिसवाल्याने पाना उचलण्याआधी वायर कुठे जाते ते बोटाने धरून बघावं.