देवी-लसजन्य नेत्रशोथ

देवीची लस टोचल्यानंतर क्वचित पापण्या व डोळ्याभोवतीच्या भागास येणारी दाहयुक्त सूज. लसीतील जिवंत व्हॅक्सिनिया व्हायरस दंडावरील फोडातून बोटांमार्फत डोळ्यापर्यंत पोहोचल्याने ती उद्‌भवते. लस टोचणाऱ्याच्या चुकीपेक्षा फोड खाजविण्याची सवयच याला अधिक कारणीभूत असे. देवी हा रोग पूर्वी अंधत्वाचे एक मोठे कारण होता. त्याच्या तुलनेने लसीचा हा उपद्रव अगदी अल्प होय.

लस टोचल्यावर तीन ते पाच दिवसांत त्या जागी पुटकुळी येते, आठव्या ते दहाव्या दिवसापर्यंत तिचा पूयुक्त फोड बनतो व सुमारे तीन आठवड्यांनी खपली गळून पडते. खपली पडेपर्यंत फोडातून व्हायरस बाहेर पडत असतो. या काळात मुलाने फोड खाजवून डोळा चोळला किंवा मातेने फोड पुसलेल्या हातानेच स्वतःचे डोळे पुसले, तर संसर्ग होतो. इसब झालेल्या मुलांस धोका अधिक असतो.

पापणी अतिशय सुजते, डोळा उघडत नाही व कानापुढील लसीका ग्रंथी वाढून दुखते. पापणीच्या कडेवर मध्यभागी खळगा असलेले फोड येतात. वरच्या पापणीवरील फोडासमोर खालच्या पापणीवरही तसाच फोड दिसल्यास निदान सोपे होते. सुजेवरून नेत्रकोटरातील पूयजनक शोथाचा संशय येतो. परंतु त्या विकारात डोळा हलविताना वेदना होतात, पुष्कळदा डोळा पुढे येतो व दृष्टी मंदावते. केवळ पापण्यांचा विकार सामान्यतः दोन-तीन आठवड्यांत बरा होतो, मात्र कधीकधी पापण्यांचे केस कायमचे गळतात. स्वच्छमंडलास (बुबुळावरील पारदर्शक पडद्यास) लागण झाल्यास फूल पडून दृष्टी अधू होते. अमेरिकेतील ३४८ रुग्णांच्या एका अभ्यासात (१९७०) २२ जणांच्या स्वच्छमंडलास विकार झाला होता. त्या ३४८ पैकी ६६ जणांनी स्वतः लस घेतलेली नव्हती. ते लस घेतलेल्यांच्या सहवासातील होते.

उपचारांत व्हायरसविरोधी थेंब व मलम वापरतात. प्रतिपिंडयुक्त ग्लोब्युलीन गंभीर रुग्णांस देत; परंतु सशांवरील प्रयोगांत त्यामुळे स्वच्छमंडलावर व्रण राहिल्याचे आढळल्याने तेथे लागण झाली असता ते जपून वापरावे लागते. कॉर्टिसोनयुक्त थेंब परस्पर घालणे घातक ठरते.

भारतात देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, १९८० मध्ये जागतिक निर्मूलन जाहीर झाले आणि सार्वत्रिक लसीकरण थांबले. त्याबरोबर हा विकारही इतिहासजमा झाला असे वाटणे साहजिक आहे, पण व्हायरस मात्र नाहीसा झालेला नाही. म्हशींना होणाऱ्या देवीचा व्हायरस व्हॅक्सिनियाचाच निकट आप्त होय. हा रोग प्रथम १९३४ मध्ये लाहोर येथे वर्णिला गेला. मानवी लसीतील व्हायरसच जनावरांत जाऊन तेथे टिकून राहिला, असाही एक तर्क आहे.

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. हा पंढरपुरी म्हशींचा मुलूख असून येथे घरोघरी हाताने धार काढली जाते. २००९ मध्ये शेजारच्या सोलापूर व कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींत व माणसांत या रोगाची साथ आली होती. सडांवरील फोडांशी संबंध आल्याने धार काढणाऱ्याच्या हातावर फोड येतात. असा हात डोळ्याला लागला, तर लसीच्या काळातील प्रकारच पुन्हा घडू शकतो. ज्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत अशा वडीलधाऱ्यांस काहीशी प्रतिकारक्षमता असते. त्यानंतर जन्मलेल्यांस ती नसते. म्हणून सडांवर फोड असलेल्या म्हशीची धार शेवटी काढावी, हात साबणाने धुवावेत, हातावरील फोड झाकून ठेवावा व डोळा सुजल्यास आपण जनावरांत वावरतो हे वैद्यास आवर्जून सांगावे. ते सांगितले गेले नाही, तर सूज साध्या रांजणवाडीची किंवा पूयजनक जंतूंची समजली जाण्याचा संभव असतो.

मानवी शरीरात न वाढणारा क्षीण व्हॅक्सिनिया असलेली नवी लस २०२२ पासून एमपॉक्सच्या साथींत वापरली जात आहे. तिच्यामुळे असा फोड येत नाही. त्यामुळे व्हायरस डोळ्यापर्यंत नेला जाण्याचा प्रश्नही उद्‌भवत नाही.