दीड लाखाची इलेक्ट्रिक गिटार घ्यावी का?

आजचा प्रश्न एका श्रोत्याचा आहे. चार वर्षं स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय, आता बोनस आलाय, तर दीड लाखाची घेऊ का? बारा हप्ते केले तरी महिन्याला १२,५०० रुपये. म्हणजे कित्येकांचं घरभाडं. त्यामुळे नीट बोलूया.

ॲप स्लो चाललं की आपण लगेच नवा सर्व्हर घेत नाही, आधी नक्की अडतंय कुठे ते शोधतो. इथेही तेच करायचं.

इलेक्ट्रिक गिटार चालते कशी? स्टीलची तार पिकअपवर थरथरते. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी. तार हलली की गुंडाळीत अगदी छोटा विद्युत सिग्नल तयार होतो, तो केबलमधून अँपला जातो आणि स्पीकर वाजतो. म्हणजे तुम्ही ऐकता त्या आवाजात अँप आणि स्पीकरचा वाटा प्रचंड आहे. अँप डबड्यासारखा वाजत असेल, तर महागडी गिटारही त्यातून तशीच ऐकू येणार.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? फ्रेट्सच्या कडा घासून गुळगुळीत करणं, सूर धरून ठेवणाऱ्या खुंट्या, चांगले पिकअप, नेकचं फिनिशिंग. शिवाय मजुरी आणि नाव. फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर अमेरिकेतही बनते आणि मेक्सिकोतही, आणि त्याच आकाराची गिटार त्यांच्या स्क्वायर ब्रँडमध्ये बरीच स्वस्त मिळते. आराखडा मुळात १९५४चाच.

काही गोष्टी मात्र किमतीने बदलत नाहीत. सिंगल कॉइल पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण पकडतो. खरा सिंगल कॉइल असेल तर महाग गिटारही गुणगुणते. ती नको असेल तर हंबकर बघा. त्यात दोन गुंडाळ्या अशा जोडतात की गुणगुण एकमेकींत रद्द होते आणि तारेचा आवाज राहतो. हातात कशी बसते हाही वेगळा मुद्दा. स्ट्रॅटची स्केल लेंग्थ २५.५ इंच, लेस पॉलची साधारण २४.७५. त्याच तारा, तोच सूर, पण लेस पॉलवर ताण थोडा कमी लागतो. बोटांना हा फरक कळतो.

आता खरेदीआधीची कामं. एक, आहे त्या गिटारचं सेटअप करून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने नेक वाकते, तारा वर उचलल्या जातात आणि आपण म्हणतो, गिटारच बेकार. आतला ट्रस रॉड फिरवून ते बऱ्याचदा सुटतं. दोन, फोनवरचा ट्यूनर उघडा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर सारखे यायला हवेत. नसतील तर ब्रिजवरचे सॅडल सरकवून जुळवता येतात. तीन, दुकानात जाऊन एकाच अँपवर तीन किमतींच्या गिटारी वाजवा. मित्राला सांगा, डोळे मिटलेले असताना हातात दे. कोणती महाग ते ओळखता आलं नाही, तर उत्तर मिळालंच.

क्वीन बँडच्या ब्रायन मेने १९६३पासून वडिलांबरोबर घरी गिटार बनवली. नेकसाठी जुन्या फायरप्लेसचं लाकूड वापरलं. पुढे तीच गिटार जगभर वाजली. यातून स्वस्त ते चांगलं असं सिद्ध होत नाही. काम नेटकं असलं की लाकडावरचं नाव दुय्यम ठरतं, एवढं मात्र दिसतं.

माझं मत विचाराल तर सेटअप झाल्यावरही गिटार सूर सोडत असेल, डोळे मिटून फरक कळला असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून रोख पैसे उरत असतील, तर बिनधास्त घ्या. आवडते म्हणून घेणं हेही पुरेसं कारण आहे, त्यासाठी गुंतवणुकीची सबब नको. यातलं एकही नसेल, तर बोनसचा छोटा हिस्सा बऱ्या अँपवर घाला आणि उरलेला राहू द्या.

तुमची गिटार कुठे अडतेय ते कळवा. भेटू पुढच्या भागात!