देवळाचे वय एकच नसते

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्हा हादरला. तीव्रता ४.५. अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला आणि १० जुलैला पुन्हा ४.५ चा. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीतून येणारे गूढ आवाज लोकांच्या सवयीचेच झाले आहेत.

अशा वेळी आपल्याकडे हमखास म्हटले जाते, "औंढ्याच्या नागनाथाला काही होत नाही, शेकडो वर्षे उभा आहे." श्रद्धा म्हणून मला हे मान्य आहे, हिशेब म्हणून नाही. कादंबऱ्या लिहितालिहिता मी बँकेत अधिकारी होतो. घर तारण घेताना आम्ही आधी इमारतीचे वय विचारत असू आणि मग तिच्यावर नंतर काय काय चढवले ते. खरी जोखीम बहुधा या दुसऱ्या उत्तरात दडलेली असे.

नागनाथाच्या देवळालाही हेच विचारून पाहा. खालचे कोरीव बांधकाम यादवकाळातले, हेमाडपंती; चुना न वापरता दगडात दगड अडकवून रचलेले. वरचे शिखर मात्र कित्येक शतकांनंतरचे, निराळ्या घडणीचे. म्हणजे एका देवळाला दोन वये! धक्का बसला की दोन्ही भाग आपापल्या चालीने डोलतात आणि ताण येतो सांध्यावर. खाली, अरुंद पायऱ्या उतरून जायच्या गाभाऱ्यात, महाशिवरात्रीला भाविकांची दाटी असते.

'आजवर टिकले' एवढा पुरावा पुरत नाही, हे किल्लारीने शिकवले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत तिथल्या जाडजूड भिंतींना कोणी नावे ठेवली नव्हती. पण त्या भिंती म्हणजे आतबाहेर दगडांचे दोन थर आणि मध्ये माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा लांब दगडच नाही. डोक्यावर माळवदाचे ओझे. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात ४.५ च्या धक्क्यापेक्षा अंदाजे साडेतीनशे पट ऊर्जा होती. सुमारे दहा हजार माणसे गेली.

तपासणी म्हणजे देवळाची तोडफोड नव्हे. भिंतीला ओळंबा लावायचा. तडा असेल तिथे तारीख लिहून काचेची पट्टी चिकटवायची. तडा वाढला की काच फुटते. कळस, सुटे दगड, सांध्यात रुजलेला पिंपळ आणि मुरणारे पाणी पाहायचे. चुन्याच्या जुन्या कामावर सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर आत ओल कोंडते, तोही नोंदवायचा. मग संरचना अभियंत्याने आणि पुरातत्त्वाच्या जाणकाराने मिळून निर्णय घ्यावा.

नर्सीचे नामदेवांचे स्थान, शिरड शहापूरचे जैन मंदिर, गावोगावच्या गढ्या आणि वेशी, सर्वांची अशी एकेक वही हवी. प्रत्येक धक्क्यानंतर तीच ठिकाणे पुन्हा पाहून त्या वहीत नोंद व्हावी. बँकेत खतावणी रोज लिहिली जाते, कारण तूट लहान असतानाच सापडावी लागते. दर्शनाला उतरणाऱ्या माणसांसाठी एवढी तसदी आपण घ्यायला नको का?