संकरित मोटारीचे इंजिन आपोआप का सुरू होते?

कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक अथवा बिधाननगर नावाचे जे उपनगर आहे, त्याची भूमी मनुष्याने घडविलेली आहे. १९६० नंतरच्या दशकात हुगळी नदीच्या पात्रातील गाळ नळांवाटे आणून खाऱ्या पाणथळीवर पसरण्यात आला आणि युगोस्लाव्ह वास्तुविशारद दोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्याप्रमाणे त्यावर नगर वसविण्यात आले. त्यामुळे येथे चढ नाही आणि उतारही नाही. रस्ते रुंद, आणि मोठ्या चौकांत वर्तुळाकार बेटे. मोटार चालविण्यास याहून सोपी जागा कोणती, असे कोणासही वाटेल. तरीही संकरित, म्हणजे बाजारात जिला हायब्रिड म्हणतात ती मोटार नव्याने घेणारा मनुष्य येथेच प्रथम बुचकळ्यात पडतो.

मे महिन्यातील दुपार आहे, असे समजू. सेक्टर पाचमधील एका कचेरीसमोर गाडी उभी आहे. चालक मालकाची वाट पाहत आत बसला आहे. एसी चालू आहे, पण इंजिन निःशब्द आहे. दहा-पंधरा मिनिटे अशी जातात आणि कोणी कळ दाबलेली नसता, कोणी पायही हलविलेला नसता, इंजिन घरघरू लागते. काही मिनिटांनी ते आपले आपण थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते. गाडीत काही बिघाड झाला असावा, अशी चालकाची समजूत होते. वस्तुतः बिघाड झालेला नसतो. गाडी आपल्या विजेचा हिशेब जुळवीत असते.

हा हिशेब समजून घ्यावयाचा तर प्रथम या गाडीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. तीत दोन प्रेरक शक्ती असतात: पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि बॅटरीवर चालणारी विद्युत् मोटर. ही कल्पना फार नवी आहे, असे मात्र नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० च्या सुमारास इंजिनाने वीज निर्माण करून त्या विजेने चाके फिरविणारी गाडी बनविली होती. तथापि, मोठ्या प्रमाणावर तयार होऊन विकली गेलेली पहिली संकरित मोटार म्हणजे डिसेंबर १९९७ मध्ये जपानात आलेली टोयोटा प्रियस होय. भारतात ती २०१० साली विक्रीस आली. पण अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागल्या त्या २०२२ नंतर.

या गाडीला बाहेरून वीज भरण्याची सोय नसते. तिच्या बॅटरीत जी वीज येते ती दोनच मार्गांनी. एक, इंजिनाने जनित्र फिरवून. आणि दुसरा, ब्रेक लावताना चाकांच्या गतीतून. अर्थात दुसऱ्या मार्गाने येणारी वीजही मुळात पेट्रोलचीच होय. गाडीला गती देण्यासाठी जे इंधन खर्ची पडले, त्यातील काही भाग परत मिळतो इतकेच.

आता बॅटरीचा आकार पाहू. २०२२ साली आलेल्या टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या जुळ्या गाड्यांच्या संकरित प्रकारात ०.७६ किलोवॉट-तास क्षमतेची लिथियम-आयन बॅटरी आहे. घरातील विजेच्या बिलावर ज्याला एक युनिट म्हणतात, त्याचा हा केवळ पाऊण हिस्सा. २०२० मधील टाटा नेक्सॉनच्या संपूर्ण विद्युत् प्रकारात ३०.२ युनिटांची बॅटरी होती, म्हणजे जवळजवळ चाळीसपट. संकरित गाडीची बॅटरी हा पाण्याचा हौद नव्हे. तो ओसरीवरचा तांब्या आहे. तो पुनःपुन्हा भरावयाचा आणि पुनःपुन्हा रिता करावयाचा असतो.

त्यातही हा तांब्या कधी काठोकाठ भरत नाहीत आणि कधी तळापर्यंत रिकामाही करीत नाहीत. बॅटरी पूर्ण भरणे आणि पूर्ण उतरविणे या दोन्ही गोष्टींनी तिचे आयुष्य घटते. म्हणून नियंत्रक यंत्रणा तिचा भार मधल्या पट्ट्यात, साधारणतः ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान, खेळता ठेवते. दर्शकावरील सर्व पट्ट्या उजळल्या तरी बॅटरी खऱ्या अर्थाने शंभर टक्के भरलेली नसते आणि शेवटची पट्टी उरली तरी ती रिकामी झालेली नसते. हे ठाऊक नसल्याने, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही अशी तक्रार घेऊन पुष्कळ जण कारखान्यात जातात.

सेक्टर पाचमधील गाडीचे गणित आता मांडता येईल. या गाड्यांत एसीचा दाबयंत्र-पंप इंजिनाच्या पट्ट्याने न फिरता विजेवर चालतो. कडक उन्हात त्यास एक ते दोन किलोवॉट शक्ती लागते. मध्यम म्हणून दीड धरू. पाऊण युनिटाच्या बॅटरीतील वापरण्याजोगा अर्धा भाग म्हणजे सुमारे ०.३८ युनिट. दीड किलोवॉटच्या खर्चाने तो पंधरा मिनिटांत संपतो. ठरलेली खालची मर्यादा येताच इंजिन सुरू होणे क्रमप्राप्त आहे. कोलकात्याच्या दमट हवेत हा खर्च आणखी वाढतो, कारण एसीला हवा थंड करण्याबरोबरच तीतील बाष्पाचे पाणीही करावे लागते.

ब्रेकमधून मिळणाऱ्या विजेवर हे भागणार नाही काय? तेही पाहू. माणसांसह दीड हजार किलोग्रॅम वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता तिच्या ठायी सुमारे १,४५,००० ज्यूल, म्हणजे ०.०४ युनिट, गतिज ऊर्जा असते. तिच्यापैकी निम्मी बॅटरीत परत आली असे मानले, तर तेवढ्यावर एसी एक मिनिटही चालत नाही. सॉल्ट लेकच्या बेटाबेटांपाशी गाडी मंदावते तेव्हा जे मिळते ते इतपतच.

येथे चालकांच्या एका सवयीचा उल्लेख केला पाहिजे. साध्या गाडीत सिग्नलला गिअर न्यूट्रलवर ठेवण्याची रीत असते. टोयोटाच्या पद्धतीच्या संकरित गाडीत न्यूट्रल निवडताच जनित्राचे काम स्थगित होते आणि इंजिन चालू असले तरी बॅटरी भरली जात नाही. एसी मात्र तिच्यातून वीज ओढीत राहतो. गर्दीत वारंवार असे केल्यास दर्शक झपाट्याने खाली येतो. अल्पकाळ थांबताना गिअर चालू स्थितीत ठेवून ब्रेक दाबणे आणि अधिक वेळ थांबताना तो पार्किंगवर नेणे, हाच उपाय.

सकाळी याच्या नेमके उलट घडते. बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असते, गाडी हललेलीही नसते, तरी इंजिन एखादे मिनिट चालते. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियस तापल्याखेरीज नीट कार्य करीत नाही, आणि त्यास तापविण्यासाठी इंजिनातील उष्ण वायू लागतात. ज्यांचा प्रवास घरापासून करुणामयीच्या बाजारापर्यंत दोन किलोमीटरांचाच असतो, त्यांचे बरेचसे पेट्रोल या तापविण्यातच जाते. जाहिरातीतील मायलेज त्यांना मिळत नाही, यात नवल नाही.

इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग यांची फारकत हीदेखील नवख्यास खटकते. गाडी सावकाश चाललेली असता इंजिन गरजते. वेग वाढतो, पण आवाज तोच राहतो. याचे कारण ग्रहीय दंतचक्रमालेत आहे. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे कंकणचक्र अशी ही रचना. सूर्यचक्रास जनित्र, ग्रहचक्रांच्या वाहकास इंजिन आणि कंकणचक्रास विद्युत् मोटर व चाके जोडलेली असतात. जनित्राची गती कमीअधिक करून इंजिनास चाकांच्या गतीपासून स्वतंत्र ठेवता येते. त्यामुळे थोड्या इंधनात अधिक काम होईल अशा फेऱ्यांवर नियंत्रक इंजिन चालवितो आणि उरलेली शक्ती बॅटरीत साठवितो. सावकाश जाताना ऐकू येणारी गर्जना पुष्कळदा या साठवणीची असते.

सॉल्ट लेकमध्ये कधीही न दिसणारा एक प्रकार महाराष्ट्रात खंडाळ्याच्या घाटात दिसतो. वरून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. दीड हजार किलोग्रॅमच्या गाडीची तेवढ्या उंचीची स्थितिज ऊर्जा दोन युनिट भरते. हवेचा व चाकांचा विरोध आणि यंत्रातील ऱ्हास वजा केला तरी बॅटरीतील मोकळ्या जागेहून ती अधिक होते. घाट अर्धा उतरतो न उतरतो तोच बॅटरी वरच्या मर्यादेस पोहोचते आणि मग इंजिन जोराने फिरू लागते. हे फिरणे पेट्रोलवर नसते. जास्तीची ऊर्जा इंजिनातील हवा दाबण्यात व घर्षणात खर्ची घातली जाते आणि गाडी आवरली जाते. कर्सियांगहून सिलिगुडीस उतरणाऱ्या कोलकातेकरासही हाच अनुभव येईल.

आणखी एक कोडे बारा व्होल्टच्या लहान बॅटरीचे. मोठी बॅटरी भरलेली असूनही कधी कधी गाडी सुरूच होत नाही. मोठ्या बॅटरीस यंत्रणेशी जोडणारे स्पर्शक आणि सर्व नियंत्रक या लहान बॅटरीवर चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी कुलूपबंद तिजोरीसारखी होते. दुर्गापूजेच्या सुटीत कुटुंब महिनाभर गावी गेले, तर परतल्यावर ही वेळ येऊ शकते. आठवड्यातून एकदा गाडी ‘रेडी’ स्थितीत तासभर ठेवल्यास लहान बॅटरी मोठीतून भरली जाते.

तथापि, हे काम शटर लावलेल्या गॅरेजमध्ये कदापि करू नये. ‘रेडी’ दिवा लागलेला आहे याचा अर्थ इंजिन बंद असले तरी ते केव्हाही सुरू होऊ शकते. सॉल्ट लेकच्या जुन्या घरांत तळमजल्यालाच गॅरेज आणि त्यावर झोपण्याच्या खोल्या असतात. बंद जागेत इंजिन चालल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो. या वायूस रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. गाडी अगदी शांत असल्यामुळे ती बंद केली आहे अशा समजुतीने मनुष्य घरात निघून जातो. विनाकिल्लीच्या गाड्या गॅरेजमध्ये अशा चालू राहून अमेरिकेत अनेक मृत्यू घडले आहेत. गॅरेजच्या दारात एसी लावून झोपणाऱ्या चालकासही हाच धोका आहे.

पावसाळ्यातील धोका निराळा. २३ सप्टेंबर २०२५ रोजी कोलकात्यात एका दिवसात अडीचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडून शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. साचलेल्या पाण्यातून संकरित गाडी मोटरवर निःशब्द जात असता, इंजिन बंद असल्याने पाणी आत जाण्याची भीती नाही असे चालकास वाटते. पण वाटेत भार कमी होताच इंजिन सुरू होते, आणि पाणी हवेच्या नळीच्या तोंडापर्यंत आलेले असल्यास ते सिलिंडरात ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. परिणामी दट्ट्याचा दांडा वाकतो. अशा पाण्यात गाडी थांबल्यास कळ दाबून ‘रेडी’ स्थिती बंद करावी, पुन्हा सुरू करण्याचा यत्न करू नये आणि जाड नारिंगी वेष्टनाच्या तारांस हात लावू नये, कारण त्यांत उच्च दाबाची वीज असते. पुढे ओढून नेतानाही पुढची चाके उचललेली असावीत. ती जमिनीवर फिरली तर त्यांस जोडलेली मोटर फिरते आणि वीज निर्माण करू लागते.