जुन्या मोटारीतील इंजिन ऑईलची गळती : निदान व उपाय



सन १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले. तरी ही गाडी व तिच्या वयाच्या जीप अजून अनेक अंगणांत उभ्या आहेत. हर्णेसारख्या बंदराच्या गावी अशा गाड्यांना खारा वारा व वाळू यांचा त्रास अधिक. रबराचे भाग वयोमानाने कडक होतात, लोखंडी पत्रा गंजतो आणि गाडीखाली काळे डाग दिसू लागतात. "जुनी गाडी, थोडे गळायचेच" असे म्हणून आपण सोडून देतो. मात्र ऐन आंब्याच्या हंगामात ऑईल संपून इंजिन जाम झाले, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो. शिवाय तापलेल्या सायलेन्सरवर ऑईल टपकल्यास आगीचा धोका असतो.

निदान आधी, दुरुस्ती नंतर

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीचे ऑईल दापोली-हर्णे फेऱ्यांत सारखे उतरू लागले. एका गॅरेजमध्ये ऑईल चेंबरचे गॅस्केट बदलले. पंधरा दिवसांत पुन्हा डाग! दुसऱ्यांदा बदलले, तरी तेच. शेवटी इंजिन स्वच्छ करून पाहिले, तेव्हा गळती वरच्या टॅपेट कव्हरमधून होती आणि ऑईल इंजिनवरून ओघळून चेंबरच्या कडेला टपकत होते. दोन वेळची मजुरी वाया गेली.

कौलारू घरात पाणी टपकते तिथेच कौल फुटलेले असते असे नाही. ते वाशावरून वाहत येऊन भलत्याच जागी पडते. ऑईलचेही तसेच आहे. ते खाली ओघळते आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ओल्या भागातील सर्वांत वरची व सर्वांत पुढची जागा प्रथम तपासावी.

तपासणीची पद्धत

१) गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी ऑईलची काडी पुसून पातळी पाहावी व तारखेसह वहीत नोंदवावी.

२) रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरावा व त्यावर पुढच्या चाकांची खूण करावी. सकाळी डाग कोठे व कसा आहे ते पाहावे. इंजिन ऑईल तपकिरी ते काळे असते. गिअर ऑईल दाट व उग्र गंधकी वासाचे असते. चाकाच्या आतल्या बाजूस पातळ तेलकट ओल असल्यास ती ब्रेक ऑईलची असू शकते. अशी गाडी चालवू नये.

३) इंजिन थंड असताना चिकट मळ ब्रशने व थोड्या डिझेलने काढून कापडाने पूर्ण कोरडे करावे. संशयित सांध्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरावी. पट्टे व पंखा यांच्यापासून हात दूर ठेवून इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवावे. पावडर जिथे प्रथम भिजेल, तेथे गळती समजावी.

४) डाग नाही, पण पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, तर ऑईल इंजिनात जळत आहे. गॅस्केट बदलून उपयोग होणार नाही.

गळतीच्या जागा व उपाय

टॅपेट कव्हर : गॅस्केट वाळल्या चामड्यासारखे कडक होते. जुना थर पूर्ण खरवडून नवे बसवावे. बोल्ट मधून कडेकडे, थोडे थोडे आवळावेत. जास्त आवळल्यास पत्रा वाकतो व गळती वाढते.

ऑईल फिल्टर : जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनला चिकटून राहिलेले नाही याची खात्री करावी. नव्या कड्याला ऑईल लावून फिल्टर हाताने आवळावा.

ड्रेन बोल्ट : प्रत्येक वेळी ऑईल बदलताना वायसर नवा घालावा.

ऑईल प्रेशर स्विच : इंजिन चालू असतानाच येथून ऑईल झिरपते. स्विच बदलणे हाच उपाय.

चेंबर : समुद्रकाठी पत्रा बाहेरून गंजून बारीक छिद्रे पडतात. लांबी लावून तात्पुरते भागते; पुढे चेंबर बदलावाच लागतो. वाळूत गाडी नेल्यास घरी येताच खालून गोड्या पाण्याने धुवावी.

क्रँकचे ऑईल सील : पुढचे सील गळल्यास टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात बेल्ट भिजून खराब होतो, सीलबरोबर बेल्टही बदलावा. मागच्या सीलसाठी गिअर बॉक्स उतरवावा लागतो. हे काम जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावे व त्याच वेळी क्लच प्लेट पाहून घ्यावी.

ब्रीदर विसरू नका

इंजिनाच्या आत साठणारा वायू ब्रीदरच्या नळीवाटे बाहेर पडतो. ती मळाने चोंदली की दाब वाढून ऑईल प्रत्येक सांध्यातून बाहेर ढकलले जाते. नवे सीलही मग टिकत नाही. म्हणून खर्चाची दुरुस्ती करण्यापूर्वी ही नळी काढून साफ करावी. काडीवरील वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑईल कधीही भरू नये.

दक्षता

- नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. स्टँड लावावा व चाकांना ओंडके द्यावेत.
- ऑईलचा लाल दिवा ऑईलचा दाब दाखवतो, पातळी नव्हे. चालत्या गाडीत तो पेटल्यास गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. "गावापर्यंत जाऊ" असे म्हणू नये.
- जळके ऑईल बांधावर, विहिरीजवळ किंवा पऱ्ह्यात ओतू नये; आंब्याच्या बुंध्यालाही लावू नये. डब्यात साठवून वापरलेले ऑईल अधिकृतपणे घेणाऱ्याकडे द्यावे.

आंब्याच्या पहिल्या पेट्या भरण्यापूर्वी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा ही तपासणी करावी. बाकी वर्षभर दर आठवड्याला ऑईलची काडी पाहण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. ज्या बागायतदाराच्या वहीत पातळीची नोंद असते, त्याला गळती गाडी वाटेत बंद पडण्यापूर्वीच कळते.