इंजिन बदलताना वायरिंगची जुळणी

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपमध्ये यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाऐवजी कॉमन रेल इंजिन, म्हणजे एका नळीत उच्च दाबाखाली साठवलेले डिझेल संगणकाच्या आज्ञेने सिलिंडरमध्ये सोडणारे इंजिन, बसवायचे झाल्यास खरी कसोटी वायरिंगची लागते. जुन्या इंजिनाला सेल्फ, डायनामो, हीटर प्लग आणि तेलाचा दाब व तापमान दाखवणाऱ्या तारा बहुधा पुरतात. नव्याला मात्र ईसीयू हा नियंत्रक संगणक, क्रँकची स्थिती कळवणारा सेन्सर आणि विद्युत संकेत देणारे ॲक्सिलरेटर पेडलही लागते. म्हणून ज्या गाडीतून इंजिन काढले, तिचेच वायरिंग कपलरांसह अखंड उचलून जुन्या गाडीशी केवळ बॅटरी, चावीचा स्विच, सेल्फ व मीटर एवढ्यापुरते जोडणे शहाणपणाचे. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असल्यास त्याच ईसीयूशी जुळलेली चावीही घ्यावी.

किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत नुसत्या पिळून टेप गुंडाळलेल्या जोडातील तांब्यावर हिरवट थर चढतो, आणि अनेक सेन्सर अवघ्या 5 व्होल्टवर चालत असल्याने तेवढ्या अडथळ्यानेही ईसीयूला चुकीची माहिती मिळते. इंजिन व चॅसी यांमधील अर्थिंगची जाड पट्टी गंजली असेल तर दोष शोधणे आणखी अवघड होते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार इंजिनाच्या अशा बदलास नोंदणी प्राधिकरणाची पूर्वमंजुरी आवश्यक असते.