थाई की डच?

अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना डचसाठी साधारण २४ आठवडे, तर थाईसाठी ४४ आठवडे लागतील असं धरते. मराठी माणसाला हे गणित जसंच्या तसं लागू नाही. थाई लिपी ब्राह्मी कुळातली. तिच्या ४४ व्यंजनांचा क्रम आपल्या क-ख-गच्याच वळणाचा. संस्कृत-पालीतून गेलेले शब्द भरपूर, आणि क्रियापदं काळ-लिंग-वचनानुसार बदलत नाहीत. खरी कसोटी पाच सुरांची: सूर चुकला की अर्थच बदलतो.

डचची लिपी रोमन, बरेच शब्द इंग्रजीच्या जवळचे. नामाआधी ‘दे’ की ‘हेत’, हे मात्र बहुतेकदा पाठच करावं लागतं. थाई निवडलीत, तर लिपी आणि सूर पहिल्यापासून एकत्रच शिका. रोमन अक्षरांवर विसंबू नका.